गोल्फ क्लबची नॉकआउट मॅचप्ले स्पर्धा वेळेत आणि वादाशिवाय कशी पार पाडायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या गोल्फ क्लबात वर्षभर मेडल (एकूण फटके मोजून) आणि स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलला गुण देऊन) होतात. यंदा पहिल्यांदाच वैयक्तिक नॉकआउट मॅचप्ले (दोघांचा सामना, जास्त होल जिंकेल तो पुढे) घ्यायचं ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. चाळीसच्या वर नावं येतील असं दिसतं. ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार ते) कसा काढायचा, हँडिकॅपचे स्ट्रोक (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) कसे द्यायचे आणि वाद झाला तर काय करायचं?"

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येतो, पण आधी तुम्ही न विचारलेल्या चौथ्या गोष्टीबद्दल बोलतो. ती म्हणजे तारखा. पुण्या-मुंबईकडच्या क्लबांच्या स्पर्धा समित्यांवर बरीच वर्षं काम करताना मी अर्धवट राहिलेल्या, मे महिन्यापर्यंत लोंबकळलेल्या, शेवटी नाणं उडवून संपवलेल्या नॉकआउट स्पर्धा पाहिल्या आहेत. त्या नियमांच्या वादावर अडल्या नव्हत्या, तारखांवर अडल्या होत्या. मेडलला सगळे एकाच सकाळी येतात, कार्ड देतात आणि जेवणाआधी निकाल लागतो. नॉकआउटमध्ये दोघांनी आपापसात दिवस ठरवायचा असतो. एकाला रविवार जमतो, दुसऱ्याला बुधवार. त्यात एक जण आठवडाभर दौऱ्यावर गेला की त्यांचा सामना रखडतो, आणि त्यांच्यापैकी जिंकणाऱ्याशी खेळायला तिसराच माणूस ताटकळत बसतो. त्याचा उत्साह गेला की स्पर्धेचाच उत्साह जातो.

म्हणून कामाची सुरुवात फायनलच्या तारखेपासून करा आणि मागे मोजत या. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत कोर्सचा भरवसा नसतो. फेब्रुवारीनंतर ऊन तापायला लागतं आणि मार्च आला की क्लबातले सीए, बँकवाले, कंपन्यांचे फायनान्सवाले कुणाच्याच हाताला लागत नाहीत. फायनल जानेवारीच्या शेवटच्या रविवारी धरा.

समजा 43 नावं आली. नॉकआउटमध्ये प्रत्येक सामना एकाच खेळाडूला बाहेर काढतो, त्यामुळे एकूण सामने नेहमी खेळाडूंपेक्षा एकाने कमी, म्हणजे इथे 42. फेऱ्या सहा. पहिली फेरी ऑक्टोबरचे पहिले तीन आठवडे. दुसरी तिथून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, तब्बल चार आठवडे, कारण दिवाळी बहुतेक वेळा इथेच येते. ती लवकर आली तर वाढीव आठवडा पहिल्या फेरीला द्या. तिसरी फेरी डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. लग्नसराई असते, पण आता 8च सामने उरलेले असतात. क्वार्टर फायनल 21 डिसेंबरच्या आत संपायलाच हव्यात, कारण त्यानंतर अर्धा क्लब गावाबाहेर असतो. सेमी फायनल जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. हे सगळं फॉर्मवर छापा, म्हणजे नाव देणारा माणूस आपली डायरी बघूनच नाव देईल.

आता सगळ्यात महत्त्वाची तरतूद. प्रत्येक फेरीच्या शेवटच्या रविवारी सकाळचे काही टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) स्टार्टरकडे, म्हणजे त्या वेळा सांभाळणाऱ्याकडे, आधीच राखून ठेवा आणि अटींमध्ये लिहा की त्या दिवसापर्यंत न झालेला सामना त्या रविवारी समितीने दिलेल्या वेळेला होईल. जो पहिल्या टीवर (पहिला होल सुरू होतो त्या जागी) हजर नसेल तो बाहेर. दोघंही आले नाहीत तर दोघंही बाहेर, आणि पुढच्या फेरीतल्या खेळाडूला बाय, म्हणजे न खेळताच पुढे चाल. ऐकायला हे कडक वाटतं, पण याने भांडणं कमी होतात. नुसती 'अमुक तारखेपर्यंत सामना पूर्ण करावा' अशी अट असली की मुदत संपल्यावर दोघंही तुमच्याकडे येतात. एक म्हणतो मी तीन वेळा फोन केला, दुसरा म्हणतो मला एकही आला नाही, आणि न्याय करायचं काम तुमच्यावर पडतं. ठरलेला रविवार असला की फोन कुणी किती केले याला अर्थच उरत नाही.

तरीही फोनचा नियम ठेवा. ड्रॉच्या कागदावर ज्याचं नाव वर, त्याने तीन दिवसांत संपर्क साधायचा आणि तीन पर्याय द्यायचे, त्यातला एक तरी शनिवार-रविवारचा आणि एक तरी कामाच्या दिवसाचा. व्हॉट्सॲपवर लिहूनच द्यायचे. मुदतवाढ फक्त एकाच कारणासाठी द्या: पावसाने किंवा देखभालीसाठी कोर्स बंद राहिला तर जितके दिवस बंद, तितके दिवस, आणि तेही त्या फेरीतल्या सगळ्यांना. व्यक्तिगत कारणासाठी एकदा एकाला मुदत वाढवून दिलीत की दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही. कारण खरं असतं, माणूसही चांगला असतो, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. पण त्याने सामना सोडून देणं ही मॅचप्लेमधली अगदी सन्मानाची गोष्ट आहे, हे लोकांना समजावून सांगा. 'या फेरीत मला जमणार नाही, तुम्ही पुढे जा' असं वेळेवर कळवणाऱ्या खेळाडूबद्दल क्लबात आदरच राहतो.

ड्रॉ. 2, 4, 8, 16, 32 अशी दुप्पट होत जाणारी, 43 पेक्षा मोठी पुढची संख्या 64. चौसष्टातून त्रेचाळीस गेले, म्हणजे 21 बाय. उरलेले 22 जण पहिल्या फेरीत 11 सामने खेळतील. 11 विजेते आणि 21 बाय मिळून दुसऱ्या फेरीत बरोबर 32. सगळे बाय पहिल्या फेरीतच संपवायचे. कधी कधी लोक 43 नावांच्या जोड्या लावत सुटतात, एक उरतो त्याला बाय देतात, पुढच्या फेरीत 22 होतात, मग 11, मग पुन्हा एकाला बाय, आणि क्वार्टर फायनलच्या तोंडाशी कुणीतरी न खेळताच पुढे सरकतो. त्या टप्प्यावर असा बाय मिळालेला माणूस उद्या जिंकला तरी लोक कुजबुजणारच.

हँडिकॅपची स्पर्धा असेल तर सरळ चिठ्ठ्या टाका. सीडिंगची (क्रमवारीप्रमाणे जागा देण्याची) गरज नाही, कारण स्ट्रोक देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणण्यासाठीच तर हँडिकॅप आहे. चिठ्ठ्या मात्र सगळ्यांसमोर काढा. शनिवारी खेळ संपून लोक क्लबहाउसमध्ये चहाला बसलेले असतात तेव्हा, समितीबाहेरच्या दोघांच्या हातून, आणि निघालेलं नाव तिथल्या तिथे मोठ्या कागदावर लिहून. बंद खोलीत काढलेला ड्रॉ कितीही प्रामाणिक असला तरी कॅप्टनला सोपा प्रतिस्पर्धी आला की शंका येतेच.

ग्रॉस, म्हणजे हँडिकॅपशिवायची, चॅम्पियनशिप घेणार असाल तर पद्धत वेगळी. आधी स्ट्रोकप्लेची (मेडलसारखी, एकूण फटक्यांची) पात्रता फेरी, मग त्या क्रमाने ड्रॉ: 16 जणांचा असेल तर पहिला सोळाव्याशी, आठवा नवव्याशी, चौथा तेराव्याशी, पाचवा बाराव्याशी, खालच्या अर्ध्यात दुसरा पंधराव्याशी, सातवा दहाव्याशी, तिसरा चौदाव्याशी, सहावा अकराव्याशी. असं केलं की पहिले दोघं फायनलआधी समोरासमोर येत नाहीत. शेवटच्या जागेसाठी बरोबरी झाली तर प्लेऑफ किंवा कार्ड-काउंटबॅक (शेवटच्या होल्सचे फटके ताडून पाहणं), जे आधी लिहिलं असेल ते. बाकीच्या बरोबऱ्यांत ज्याने कार्ड आधी दिलं त्याला वरचा क्रमांक. आपल्या देशाची अमॅच्युअर चॅम्पियनशिपसुद्धा बरीच वर्षं आधी स्ट्रोकप्ले आणि मग मॅचप्ले अशीच ठरली आहे. ती 1892 मध्ये कलकत्त्याला सुरू झाली. ही पद्धत आपल्याकडे काही नवी नाही.

हँडिकॅपबद्दल सर्वाधिक गोंधळ असतो, म्हणून जरा थांबून सांगतो. 2020 पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत माणसाकडे हँडिकॅप इंडेक्स असतो. तो कोर्सच्या स्लोपने (साध्या खेळाडूला कोर्स किती जड जातो त्याचा आकडा) गुणायचा, 113 ने भागायचा आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोर) वजा पार (कोर्सचे ठरलेले फटके) मिळवायचा. कुणाचा इंडेक्स 18.4, टीचा स्लोप 121, रेटिंग 70.2 आणि पार 70 असेल तर 19.7 अधिक 0.2, म्हणजे कोर्स हँडिकॅप 20. स्टार्टरच्या खिडकीजवळ तक्ता लावलेला असतो, त्यामुळे हा हिशेब कुणाला करावा लागत नाही. पण अटींमध्ये एक ओळ हवी: सामन्याच्या दिवशीचा इंडेक्स धरायचा, नाव दिलं त्या दिवशीचा नाही. ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांत इंडेक्स बराच हलतो.

वैयक्तिक मॅचप्लेमध्ये दोघांच्या कोर्स हँडिकॅपमधला पूर्ण फरक द्यायचा. काही ज्येष्ठ सभासदांना फरकाचा तीन चतुर्थांश देण्याची जुनी पद्धत आठवत असेल. आता शिफारस शंभर टक्क्यांची आहे. फोरबॉल मॅचप्लेला (जोड्यांचा सामना, प्रत्येकाचा आपला चेंडू) 90 टक्के, तेही चौघांतल्या सगळ्यात कमी हँडिकॅपच्या खेळाडूपासून मोजून. फोरसम्सला (जोडीचा एकच चेंडू, आळीपाळीने मारायचा) दोन्ही जोड्यांच्या बेरजांमधल्या फरकाचा अर्धा.

प्रत्यक्ष टीवर हे असं दिसतं. एकाचा कोर्स हँडिकॅप 9, दुसऱ्याचा 21. फरक 12. नऊवाला सपाट, म्हणजे स्ट्रोकशिवाय, खेळेल आणि एकवीसवाल्याला स्ट्रोक इंडेक्स (कुठल्या होलवर आधी स्ट्रोक मिळतो त्याचा कार्डावरचा क्रमांक) 1 ते 12 असलेल्या होल्सवर प्रत्येकी एक स्ट्रोक मिळेल. पहिल्या टीवरच कार्डावर त्या बारा होल्सपुढे पेन्सिलीने टिंब करून घ्यायचं. इंडेक्स 7 च्या पार चारवर नऊवाल्याने चार मारले आणि एकवीसवाल्याने पाच, तर त्याचे नेट चार आणि होल बरोबरीत. पुढच्या होलचा इंडेक्स 15 असेल तर तिथे टिंब नाही, तिथे पाचला पाचच. टिंबं आधी केलेली नसली की नेमका दहाव्या-अकराव्या होलच्या ग्रीनवर प्रश्न येतो, 'इथे मला स्ट्रोक होता ना?' आणि तोपर्यंत समोरच्याने आपण पुढे आहोत असं धरून पट (ग्रीनवरून होलकडे घरंगळत मारलेला फटका) मारलेला असतो.

चुकीचा हँडिकॅप सांगण्याचे परिणाम अटींच्या कागदावर ठळक छापा. खऱ्यापेक्षा जास्त सांगितला, त्यामुळे स्ट्रोकची संख्या बदलली आणि समोरच्याने पुढचा फटका मारण्याआधी दुरुस्त केला नाही, तर तो खेळाडू बाद. कमी सांगितला तर दंड नाही, पण मग त्या कमी हँडिकॅपवरच खेळायचं. आणि कुठल्या होलवर स्ट्रोक आहे हे लक्षात ठेवणं ही खेळाडूंची जबाबदारी, स्टार्टरची किंवा कॅडीची (बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याची) नाही.

एक काम आत्ताच करा, स्पर्धेला वेळ आहे तोवर: आपल्या कार्डावरचे स्ट्रोक इंडेक्स तपासा. बऱ्याच क्लबांत ते नुसते अवघडपणाच्या क्रमाने लावलेले असतात. मॅचप्लेला ते कोर्सभर पसरलेले हवेत, एका नाइनवर (नऊ होल्सच्या अर्ध्यावर) विषम आणि दुसऱ्यावर सम. इंडेक्स 1 किंवा 2 सतराव्या-अठराव्यावर असेल तर ज्याला एक-दोनच स्ट्रोक मिळतात त्याच्या सामन्यात तो होल येण्याआधीच निकाल लागून जातो. पहिल्या होलवर असेल तर बरोबरी झाल्यावर पहिल्या जादा होललाच त्याला स्ट्रोक मिळतो. दोन्हीकडे अन्याय आहे.

हँडिकॅप फुगवून ठेवणाऱ्यांबद्दल लोक कुरकुर करतात आणि मॅचप्लेमध्ये ती कुरकुर वाढते, कारण समोरचा माणूस दिसत असतो. उपाय साधा आहे: गेल्या सहा महिन्यांत ठरावीक संख्येने कार्डं भरलेली असतील तरच प्रवेश. आकडा तुमच्या क्लबातल्या लोकांची खेळायची सवय बघून ठरवा. वरची मर्यादा घालायची असेल तर तीही आधी छापा. ड्रॉ लागल्यावर घातलेली मर्यादा कुणातरी एकाच्या विरोधात आहे असंच दिसतं.

बरोबरी झाली तर अठराव्यानंतर पुन्हा पहिल्या होलपासून, त्याच स्ट्रोक इंडेक्सप्रमाणे, एक जण होल जिंकेपर्यंत. पटिंग ग्रीनवर चिपिंग करून किंवा नाणं उडवून नाही. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी दोन वाजता सुरू केलेल्या सामन्यात जादा होल्सना उजेड उरत नाही. त्या महिन्यात नॉकआउटच्या सामन्यांना शेवटची टी दुपारी साडेबाराची ठेवा. अंधार पडलाच तर दोघांनी थांबायचं आणि जिथे थांबले तिथूनच दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचं. मॅचप्लेमध्ये आपसात ठरवून खेळ थांबवता येतो, फक्त त्यामुळे स्पर्धा लांबता कामा नये.

आता कोर्सवरच्या गोष्टी. मेडलची सवय असलेल्यांना सगळ्यात अनोळखी वाटतं ते पट सोडणं, म्हणजे समोरच्याचा पट न मारताच गेला असं मान्य करणं, आपल्या भाषेत गिमी. नियम थोडके आहेत. समोरच्याचा पुढचा फटका, होल किंवा अख्खा सामना सोडता येतो. एकदा सोडला की मागे घेता येत नाही आणि समोरच्याला नाकारताही येत नाही. पण प्रत्येक वेळी बोलून किंवा कृतीने ते स्पष्ट दाखवावं लागतं. 'आज ग्रिपएवढ्या अंतरातले सगळे पट दिले' असं पहिल्या टीवर ठरवून ठेवायचं नाही. 'सतरावा होल सोडून देऊ, पाऊस येतोय' असंही नाही. होल न खेळता तो बरोबरीत धरायचा किंवा एकमेकांना सोडायचा करार केला आणि तो चालत नाही हे माहीत असूनही केला, तर दोघंही बाद. होलवर निदान एकाने टी शॉट मारल्यावर तो बरोबरीत धरायचं ठरवलं तर चालतं.

कुणाला गिमीचा हक्क नसतो, हे नवख्यांना पटवायला मी एक उदाहरण देतो. 2015 चा प्रेसिडेंट्स कप (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकीचं जग), दक्षिण कोरियात इंचॉनला. आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी सिंगल्समध्ये अमेरिकेच्या क्रिस कर्कविरुद्ध अठराव्या होलवर आला. कर्कने लांबचा बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) पट घातला. लाहिरीचा बर्डी पट जेमतेम चार फुटांचा, तो गेला असता तर सामना बरोबरीत सुटला असता. तो हुकला. अमेरिकेने कप जिंकला 15½–14½ असा, म्हणजे एका गुणाने. तो पट सोडावा असं कर्कला वाटायचं काही कारण नव्हतं आणि लाहिरीनेही तशी अपेक्षा धरली नाही. चार फुटांवर असलेला माणूस थकलेला असतो, हात कापत असतात, सगळे बघत असतात. तो क्षण खेळाडूला खेळू देण्यातच मॅचप्लेची खरी मजा आहे.

उलट बाजूही सांगा. त्याच वर्षी जर्मनीत सॉल्हाइम कपमध्ये (महिलांची अमेरिका विरुद्ध युरोप स्पर्धा) अमेरिकेच्या ॲलिसन ली हिने पट दिलाय असं समजून चेंडू उचलला आणि युरोपची सुझान पेटरसन म्हणाली की आम्ही दिलेला नव्हता. होल युरोपला मिळाला, अमेरिकन मुली रडल्या, आणि नंतर अमेरिकेनेच कप जिंकला. आताचा नियम असा आहे: समोरच्याच्या बोलण्यावरून किंवा कृतीवरून पट सोडला असा रास्त गैरसमज होऊन चेंडू उचलला तर दंड नाही, चेंडू परत ठेवायचा आणि खेळायचा. पण रास्त गैरसमजासाठी समोरच्याने काहीतरी बोललेलं किंवा केलेलं असावं लागतं. नुसती शांतता म्हणजे होकार नाही. 2019 मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला व्यावसायिकांच्या वर्ल्ड मॅचप्लेत सर्जिओ गार्सियाने सातव्या होलवर पट चुकल्यावर उरलेला छोटा पट वैतागून उलट्या पटरने ढकलला आणि तोही चुकला. प्रतिस्पर्धी मॅट कूचरने काही म्हणायच्या आतच तो ढकलला होता, म्हणून होल गेला.

आपल्या क्लबांमध्ये याला आणखी एक पदर आहे, तो तुम्हालाच सांभाळावा लागेल. समोर निवृत्त कर्नल किंवा क्लबचे माजी अध्यक्ष असले की पंचविशीतला मुलगा तीन फुटांचा पट 'ठीक आहे सर' म्हणून सोडून देतो. सर मात्र त्याचा अडीच फुटांचा पट बघत उभे राहतात. यात सरांचीही चूक नसते, ते नियमाने खेळतात. ड्रॉच्या संध्याकाळी कॅप्टनकडूनच सगळ्यांना सांगून टाका की पट न सोडणं म्हणजे अनादर नव्हे, आणि ज्येष्ठांनी स्वतःहून 'घालून दाखवतो' म्हणायला हरकत नाही. हे कॅप्टनच्या तोंडून आलं की तरुण खेळाडू मोकळेपणाने खेळतात.

आणि कॅडी. आपल्याकडे कॅडी पट्कन 'दिला साहेब' म्हणून चेंडू उचलून देतो. सवयीने, चांगल्या हेतूने. पण पट सोडायचा अधिकार खेळाडूचा, जोडीच्या सामन्यात जोडीदाराचाही, कॅडीचा कधीच नाही. कॅडी मास्टरला सांगून सामन्यांच्या आधी सगळ्या कॅडींना पाच मिनिटं एकत्र करा आणि एवढंच सांगा: साहेबांनी स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय चेंडूला हात लावायचा नाही. माझ्या अनुभवात ही पाच मिनिटं अर्धे वाद वाचवतात.

मेडल आणि मॅचप्लेतले बाकीचे फरक एका कागदावर छापून बॅगेत ठेवायला द्या. तुमची पाळी नसताना मारलं तर दंड नाही, पण समोरचा लगेच तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. टी मार्करच्या पुढून मारलं तरी तसंच. ग्रीनवर पट मारताना समोरच्याच्या ग्रीनवर पडलेल्या चेंडूला लागलं तर मेडलमध्ये दोन स्ट्रोक, इथे दंड नाही. जिथे मेडलमध्ये दोन स्ट्रोकचा दंड असतो तिथे इथे बहुतेक वेळा होल जातो. आणि किती फटके झाले हे समोरच्याने विचारलं तर खरं सांगायचं. चुकीचं सांगितलं आणि वेळेत सुधारलं नाही तर होल गेला.

वादांबद्दल. साध्या फेऱ्यांत सोबत रेफरी नसतो, म्हणून खेळाडूंना ही रीत आधी सांगून ठेवा. शंका आली की दोघांनी बोलून मिटवायचा प्रयत्न करायचा. मिटला तर तो निकाल पक्का, नंतर पुस्तकात वेगळं निघालं तरी, फक्त माहीत असलेला नियम दोघांनी मिळून धाब्यावर बसवलेला नसावा. मिटला नाही तर 'मी हा मुद्दा समितीकडे नेतोय' असं समोरच्याला स्पष्ट सांगायचं, तेही पुढच्या होलवर कुणीही टी शॉट मारायच्या आत. शेवटच्या होलवर असेल तर निकाल पक्का व्हायच्या आत. मग पुढे खेळत राहायचं. मेडलसारखा दुसरा चेंडू खेळायची सोय मॅचप्लेमध्ये नाही, हे लोकांना माहीत नसतं. दोघांनी दोन-दोन चेंडू खेळून आले की समितीची पंचाईत होते.

निकाल पक्का कधी होतो हेही तुम्हीच लिहायचं असतं. मी लिहितो: जिंकलेल्याने त्याच दिवशी नोटीस बोर्डवरच्या ड्रॉच्या कागदावर निकाल भरला की पक्का. '3 आणि 2' (दोन होल उरलेले असताना तीनने पुढे) किंवा '1 अप' (शेवटी एका होलने पुढे) एवढंच. पूर्ण कार्ड मागू नका. होल सोडलेला असतो, पट सोडलेले असतात, त्यामुळे मॅचप्लेचं कार्ड अपुरंच असतं. हँडिकॅपसाठी स्कोर भरायचा असेल तर तो सोडलेल्या होलवरचा संभाव्य स्कोर धरून वेगळा भरायचा, आणि तुमचा क्लब तसं करतो का ते आधीच सांगा.

एक सवय समितीनेच मोडायला हवी. तुम्ही स्वतः कोर्सवर खेळत असताना शेजारच्या फेअरवेवर नॉकआउटचा सामना चाललाय आणि कुणीतरी चुकीच्या जागी ड्रॉप घेताना (चेंडू उचलून दुसरीकडे टाकताना) दिसलं, तर गप्प राहा. त्या सामन्याला नेमलेला रेफरी नसेल तर कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मॅचप्लेमध्ये समोरच्याची चूक दिसली तरी ती पकडायची की सोडून द्यायची हे प्रतिस्पर्ध्याने ठरवायचं असतं, आणि मध्ये पडून तुम्ही तो हक्क काढून घेता.

शनिवारच्या मेडलमध्येच नॉकआउटचा सामनाही उरकून घ्यावा असं लोक विचारतील, कारण एकाच फेरीत दोन कामं होतात. नको म्हणा. मेडलमध्ये प्रत्येक पट आत घालावा लागतो आणि मॅचप्लेमध्ये सोडलेला पट संपलेला असतो. दोन्ही एकत्र केलं की एकाचा नियम दुसऱ्यात घुसतो आणि निर्णय देता येत नाहीत. नियमांच्या पुस्तकानेही समित्यांना याबद्दल सावध केलं आहे.

43 पैकी बरेच जण एकाच सामन्यानंतर बाहेर पडतील. त्यांच्यासाठी प्लेट ठेवा: जो आपला पहिला खेळलेला सामना हरला तो प्लेटमध्ये, मग तो पहिल्या फेरीत हरलेला असो किंवा बाय मिळून दुसरीत. यासाठी वेगळा ड्रॉ, पण तारखा त्याच. प्लेट असली की लोक पुढच्या वर्षी नाव द्यायला कचरत नाहीत. नॉकआउटऐवजी चार-चारच्या गटांचा विचारही काही जण मांडतील. व्यावसायिकांच्या वर्ल्ड मॅचप्लेने 2015 पासून 2023 पर्यंत 64 जणांचे 16 गट करून तो चालवला. पण प्रत्येक गटात सहा सामने होतात आणि ते सगळे तीन दिवसांत होतात तेव्हाच चालतो. सभासदांच्या सोयीच्या तारखांवर पहिल्या वर्षी तो घेऊ नका.

महिला सभासद आणि सीनिअर्स यांचा वेगळा ड्रॉ काढण्याइतकी संख्या नसेल तर एकाच ड्रॉमध्ये घ्या, प्रत्येकजण आपापल्या टीवरून. कोर्स हँडिकॅप काढताना त्या-त्या टीचं रेटिंग आणि स्लोप धरलेलाच असतो.

फायनलला पैसे खर्च करायचे असतील तर ट्रॉफीपेक्षा सोयींवर करा. एक रेफरी अठराही होल्स सोबत चालणारा, नियम माहीत असलेला आणि दोघांपैकी कुणाचाही नेहमीचा खेळगडी नसलेला. नेमलेला रेफरी दिसलेल्या चुकीवर बोलायला बांधील असतो, हे दोघांनाही टीवर सांगा. पहिली टी सकाळी नऊच्या आसपास, म्हणजे ग्रीन कोरडी झालेली असतात आणि क्लबातले लोक आपला राउंड संपवून शेवटच्या चार होल्सना बघायला येतात. प्लेटची फायनल त्याच दिवशी पंधरा मिनिटं आधी सोडा. तिला अर्धे प्रेक्षक मिळतात आणि बरोबरी होऊन जादा होल्स लागले तरी मुख्य सामन्याला अडथळा होत नाही, फक्त पहिल्या होलवर नेहमीच्या राउंडवाल्यांना थोडा वेळ थांबवायला स्टार्टरला आधी सांगून ठेवा.